तात्पुरते टाके

तो आला तेव्हा तीन किलोचा होता
आणि कातडं सहा किलोच्या कुत्र्याचं.
थोरल्या भावाचा स्वेटर चढवून शाळेत धाडलेल्या पोरासारखा
स्वतःतच बुडालेला.
वाढेल तो त्यात, शाल्मली म्हणाली.
मी नाव ठेवलं मुटकुळं.
तिला ळ येत नाही, म्हणून मुटकू.

चौथ्या दिवशी डावा डोळा मिटला.
मला वाटलं झोप.
मग वाटलं डंडीचा वारा, टे नदीवरून येतो तो,
माणसांच्याही डोळ्यांतून पाणी काढतो.
शाल्मली पालथी पडून, नाकाला नाक लावून बघत होती.
"आई, हा एकाच डोल्याने रडतोय."
डोळ्याने, मी म्हटलं.
आणि मग वाकून बघितलं.

रडत नव्हता.
गेडिस बाईंनी केशरी थेंब सोडला, दिवा निळा केला,
बुबुळावर हिरवी रेघ उमटली, नखाने ओढावी तशी.
पापणी आत वळलीय, म्हणाल्या,
केस घासतात, दर उघडझापीला.
मी इंग्रजीत मान हलवली
आणि मराठीत समजले:
कुंपणच शेत खातंय.

ऑपरेशन?
लागेल. कदाचित. आत्ता नाही.
त्याचा चेहरा अजून ठरलेला नाही.
आज कापलं आणि उद्या गालफडं भरली,
तर पापणी बाहेर लोंबेल,
जन्मभर उघडी, कोरडी.
किती कापायचं हे कळायला आधी वाढू द्यावं लागतं.
तोवर टाके घालू, तात्पुरते.
ही दुरुस्ती नव्हे हं, त्या म्हणाल्या,
नुसतं धरून ठेवणं.

विमावाल्याशी पाऊण तास.
दोष जन्मजात आहे का? त्याने विचारलं.
मी म्हटलं, चेहरा जन्मजात आहे.
त्याने थांबायला सांगितलं. फोनमध्ये व्हायोलिन वाजू लागलं.
तेवढ्यात गॅसच्या बिलामागे मी लिहिलं:
साडेअकराशे पौंड, दोन्ही डोळ्यांचे.
त्याखाली: मागची खिडकी, नको.
ऑगस्टची तिकिटं, बघू.
व्हायोलिन थांबलं. दुसराच कुणीतरी बोलू लागला,
त्याला पहिल्यापासून सांगायचं होतं.

आता दर चार तासांनी मलम.
डोळ्यांत तेल घालून जागणं
आजवर नुसतं बोलत आले होते,
आता ते तांदळाच्या दाण्याएवढं बोटावर घेते.
रात्रीचे तीन, स्वयंपाकघराची गार फरशी,
गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा अडकवलेलं कुत्रं मांडीत
आणि खिडकीत लांब पूल, गाडी नसलेला, नुसते दिवे.
तो दचकत नाही.
माझं बोट येताना दिसतं त्याला, धूसर का होईना,
आणि तो मान पुढे करतो.
हे मला सहन होत नाही.
दुखणाऱ्या जागेकडे येणाऱ्या हाताला
मी कधी अशी मान दिली आहे?

टाके पाच आहेत. निळे, बारीक,
गोधडीच्या कडेला घातलेले असावेत तसे ओबडधोबड.
त्यातला एक काल सुटला.
बरं चाललंय की वाईट, सांगता येत नाही;
रेघ फिकी झालीय असं मला वाटतं,
पण मला बऱ्याच गोष्टी वाटतात.

पहाटे शाल्मली जिन्यात उभी, पायांत वेगवेगळे मोजे.
"उघडला डोला?"

मी तोंड उघडलं. मिटलं.
मुटकूने कर्ण्यासकट मान वळवली, कर्णा कपाटावर आपटला,
आणि त्या सगळ्या घड्यांच्या आतून
अर्धा, ओला, तपकिरी
तिच्याकडे बघितलं.

थोडासा, मी म्हटलं.

मंगळवारी परत दाखवायचंय.